ठेकेदाराची क्वालिटीवाली आणि सरकारची क्वालिटीवाली

या खेपेला सातारला आले तेव्हा अपशिंग्याच्या मामाने ओसरीवर चार जणांसमोर माझी ओळख करून दिली. "ही आमची भाची. अमेरिकेच्या मिलिटरी कॅन्टीनात इन्स्पेक्टर हाय." चारही माना आदराने हलल्या. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. तिथं कॅन्टीन आणि इन्स्पेक्टर हे दोन्ही शब्द वजनदार. मी म्हटलं, "मामा, इन्स्पेक्टर ती सरकारची बाई. मी ठेकेदाराची." मामाचा चेहरा जरा पडला. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला 'ठेकेदार' हा शब्द भाचीच्या नावापुढे आवडणार नव्हताच.

आधी कॅन्टीनचं सांगून टाकते. आपल्या सीएसडीत, म्हणजे लष्कराच्या कॅन्टीनात, साबण, फ्रिज आणि मामाची रम एकाच छताखाली. तिकडे दुकानं वेगळी. किराणा, दूध, मटण, भाजी ज्या दुकानात मिळते ते कमिसरी. कपडे, टीव्ही वगैरे मिळतं ते एक्स्चेंज. कमिसऱ्या चालवणारी सरकारी एजन्सी १९९१ साली वेगवेगळ्या दलांची दुकानं एकत्र करून उभी राहिली, मुख्यालय व्हर्जिनियात फोर्ट ली इथे. पूर्वी माल सरसकट खरेदीच्या भावात विकत, आता तसं राहिलेलं नाही. बिलावर ५ टक्के सरचार्ज मात्र लावतात. तो दुकानांच्या इमारती आणि यंत्रसामग्रीवर खर्च होतो. पिशव्या भरून गाडीपर्यंत नेणारी माणसं फक्त टिपवर काम करतात, हे मामीला अजून खरं वाटत नाही.

दुकान सरकारचं असलं तरी रात्री कपाटं भरायची, गोदामात माल उतरवून लावायचा, फरशी पुसायची ही कामं बऱ्याच ठिकाणी कंत्राटावर दिलेली असतात. इथेच हातात पॅड घेऊन फिरणाऱ्या दोन बायका येतात. एक मी, ठेकेदाराची क्वालिटी मॉनिटर, आणि एक ती, सरकारची इन्स्पेक्टर. दोघी त्याच गल्लीतून जातो, त्याच दुधाच्या कपाटात हात घालतो, त्याच तारखा वाचतो. लांबून बघणाऱ्याला फरक कळायचा नाही. मामाला कळला नाही, आणि खरं सांगायचं तर कामावर लागले तेव्हा पहिले काही दिवस मलाही कळला नव्हता.

मामाला समजावायला मी रस्त्याचा दाखला दिला. पीडब्ल्यूडीचं काम सुरू असतं तेव्हा ठेकेदाराचा साइट इंजिनियर काँक्रीटचे क्यूब भरतो, थर मोजतो, मजुरांना ओरडतो. शाखा अभियंता येऊन मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, आणि बिल निघतं ते त्या नोंदीवर. साइट इंजिनियरने शंभर वेळा "काम चोख झालं" म्हटलं तरी त्याच्या शब्दावर दमडी सुटत नाही. मी साइट इंजिनियर, ती शाखा अभियंता.

"पर आमच्या रस्त्याला क्वालिटी मॉनिटर आला व्हता," मामा म्हणाला, "त्यो तर सरकारचा व्हता." मामा चुकला नव्हता. पंतप्रधान ग्रामसडक योजनेत राज्याचे आणि केंद्राचे क्वालिटी मॉनिटर असतात, ते ठेकेदाराचे नसतात. गोंधळ या नावातच आहे. इकडे मॉनिटर म्हणजे वरून आलेला साहेब. माझ्या पगारपत्रकावर तोच शब्द आहे, पण पगार ठेकेदार देतो. त्यामुळे हुद्द्याचं नाव ऐकून काही ठरवू नये. पगार कोण देतं आणि सही कुठे चालते, एवढं विचारावं.

आता कपाटाजवळ या. माल भरणाऱ्याने नवा माल मागे लावायचा आणि जुना पुढे ओढायचा. सांगायला सोपं आहे, पण पहाटे चार वाजता हात दुखत असताना प्रत्येकाला नवा माल सरळ पुढे ढकलावासा वाटतो. म्हणून मी पुढचा डबा बघतच नाही. हात थेट मागच्या भिंतीपर्यंत घालते, शेवटचा डबा काढते आणि त्याची तारीख पुढच्याशी ताडून पाहते. एकदा दह्याच्या कपाटात पुढे १८ तारखेचे कप होते आणि मागे ९ तारखेचे. अख्खी ओळ उलटी. मुलाने आळस केला असेल असं वाटलं, पण तसं नव्हतं. ९ तारखेची खोकी त्याच रात्रीच्या गाडीतून उतरली होती. आधी आलेल्या मालाची मुदत लांबची आणि नंतर आलेल्या मालाची जवळची होती. त्याने "नवा मागे" हा नियम शब्दशः पाळला होता. गाडी कधी आली हे बघायचंच नसतं, डब्यावर काय छापलंय ते बघायचं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मी त्याच्याबरोबर उभं राहून ओळ फिरवून घेतली, माझ्या कागदावर चूक म्हणून लिहिली, पुढे "जागेवर दुरुस्त" असं लिहिलं आणि वेळ टाकली.

हेच तिला सापडलं असतं तर? ती त्या मुलाला एक शब्द बोलली नसती, कारण ठेकेदाराच्या कामगाराला सरकारी माणसाने थेट हुकूम द्यायचा नसतो. ती सुपरवायझरला सांगते आणि लिहून ठेवते. म्हणजे मी हात लावून काम सुधारून घेऊ शकते, पण मंजूर करू शकत नाही. ती मंजूर किंवा नामंजूर ठरवते, पण खोक्याला हात लावत नाही. ठरलेल्या किमतीच्या सेवांच्या कंत्राटात अमेरिकी सरकारच्या खरेदी नियमावलीचं, म्हणजे फेडरल अ‍ॅक्विझिशन रेग्युलेशनचं ५२.२४६-४ हे कलम असतं. त्यानुसार काम ठरल्याप्रमाणे नसेल तर सरकार ते जादा पैसे न देता पुन्हा करून घेऊ शकतं, आणि पुन्हा करून भरून निघण्यासारखं नसेल तर किंमत कापू शकतं. रात्री न पुसलेली फरशी सकाळी पुसता येते, पण गिऱ्हाईक मुदत संपलेलं दही घरी घेऊन गेल्यावर पुन्हा करायला उरतं काय?

गणवेशातले फूड इन्स्पेक्टर आणखी वेगळे. ते लष्कराच्या पशुवैद्यकीय विभागाचे. त्यांना आमच्या कंत्राटाशी देणंघेणं नाही. अन्न खाण्यालायक आहे का, हे ते बघतात, आणि त्यांनी माल अडवून ठेवला की आम्ही दोघी बाजूला उभ्या राहतो.

तपासण्याची पद्धतही निराळी. मी रोज, प्रत्येक पाळीत, शक्य तितकं सगळं बघते. ती तिच्या तपासणीच्या आराखड्याप्रमाणे काही कामं नमुन्याने बघते, काही ठराविक दिवशी, काही तक्रार आली की. नमुना कुठला पडेल हे मला माहीत नसतं आणि नसावंच. काहींना वाटतं, सरकारची तपासणी आहेच तर ठेकेदाराने माझ्यावर पगार कशाला घालवावा. त्याच कलमात उत्तर आहे: तपासणीची व्यवस्था ठेकेदाराने स्वतः ठेवायची, तिच्या नोंदी जपायच्या आणि सरकारने मागितल्या की दाखवायच्या. म्हणजे माझे कागद ती वाचते.

हे मला उशिरा कळलं. सुरुवातीला जिथे होते तिथल्या सुपरवायझरने सांगितलं होतं, "पाळी सुरू होतानाच कागद भरून टाक, सगळीकडे बरोबरची खूण कर, मग निवांत काम कर." मला ते सोयीचं वाटलं आणि मी दोन आठवडे तसंच केलं. तिसऱ्या आठवड्यात सरकारच्या बाईने माझी फाइल मागितली. तिने पानं उलटली आणि थंडपणे विचारलं, "चौदा रात्रींत एकही डबा चुकीच्या जागी नव्हता?" तिच्या स्वतःच्या वहीत त्याच चौदा दिवसांत सहा चुका होत्या. मला घाम फुटला. माझे चौदा कागद खोटे आहेत हे सिद्ध करायला तिला दुसऱ्या पुराव्याची गरजच नव्हती. तिच्या नजरेत तेव्हापासून मी आणि ठेकेदार दोघंही पडलो, आणि पुढचा महिनाभर तिचा हात माझ्या आधी मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता.

मामाने एवढं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तुझ्या कागदावर चुका दिसल्या तरच ती तुझ्यावर इश्वास ठेवणार?"

बरोबर, मी म्हटलं. आणि तिच्या वहीत सापडलेली चूक माझ्या कागदावर आधीच असली, पुढे वेळ आणि दुरुस्ती लिहिलेली असली, तर ती पुढच्या गल्लीत जाते.

"मग ओसरीवरच्या माणसांना काय सांगू? इन्स्पेक्टर न्हाय म्हणून?"

"सांग, ठेकेदाराची आहे," मी म्हटलं. मामाने तंबाखूची डबी उघडली, जरा विचार केला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. कॅन्टीनात हाय एवढंच सांगतो."