चाळीसच्या खालचं मोजायचं कसं?

'ऑटिझमवर नवं औषध गुणकारी' अशी बातमी आली की मी आधी बघतो, चाचणीत मुलं कोणती घेतली होती. पुष्कळदा अट असते ती बुद्ध्यांक ७०च्या वर असण्याची. म्हणजे न बोलणारी, स्वतःलाच मारून घेणारी, चोवीस तास कुणीतरी जवळ लागणारी मुलं बाहेरच.

एक्सेटर विद्यापीठाच्या जिनी रसेल आणि सहकाऱ्यांनी २०१६मधले ३०१ अभ्यास तपासले. त्यांतल्या ऑटिझम असलेल्या सहभागींपैकी ९४ टक्क्यांना बौद्धिक अक्षमता (ढोबळमानाने ७०च्या खालचा बुद्ध्यांक) नव्हती. प्रत्यक्षात ती किमान तिघांतल्या एकाला असते.

अशा मुलांना चाचणीत घ्यायचं तर एमआरआयमध्ये स्थिर पडून राहणं, रक्त काढू देणं या अडचणी आहेतच. पण खरी मेख मोजपट्टीत आहे. मुलांचा बुद्ध्यांक मोजणाऱ्या वेक्सलर चाचणीत सरासरी १००, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) १५ आणि तळ, म्हणजे मिळू शकणारा सर्वांत कमी बुद्ध्यांक, ४०. समजा, एखाद्या मुलाचे कच्चे गुण, म्हणजे बरोबर उत्तरांचे मूळ गुण, ४ होते, उपचारानंतर ११ झाले. कच्च्या गुणांचा बुद्ध्यांक करणाऱ्या वयाच्या कोष्टकात दोन्हींसमोर ४०च असू शकतात! तळाच्या जरा वर असलेल्यांची गत आणखी विचित्र. मूल वर्षभरात दहा शब्द शिकलं, बरोबरीची शेकडो शिकली, की भाषेच्या चाचणीतला त्याचा प्रमाणित, म्हणजे समवयस्कांशी ताडलेला, गुणांक उलट घसरतो. अशी मुलं घेतली की उपचार-गट आणि तुलना-गट यांतला फरक आक्रसतो, तो पकडायला नमुना मोठा लागतो, खर्च वाढतो. त्यापेक्षा त्यांना वगळलेलं परवडतं. वयाशी न बांधलेली, कच्च्या गुणांवरची वृद्धीश्रेणी वापरली तर ४ ते ११ हा प्रवास दिसतो. पण ती वापरायला हवी ना.

तोवर या मुलांच्या आईवडिलांना गाठायला स्टेम सेलचे (मूळपेशींचे) उपचार विकणारे टपलेलेच आहेत. ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्येच बजावलंय. तरी जाहिराती चालूच.

या मुलांना चाचणीत घेणं अवघड आहे, पण अशक्य नाही. रिस्पेरिडोन या मानसोपचारातल्या औषधाच्या २००२च्या चाचणीत ऑटिझम असलेली १०१ मुलं होती, बरीचशी बौद्धिक अक्षमता असलेली. तिथे बुद्ध्यांक वाढतो का हे पाहायचंच नव्हतं. चिडचिड, आदळआपट, स्वतःला इजा करणं किती कमी होतं, ते पाहिलं. आठ आठवड्यांत औषधाच्या गटातली ६९ टक्के मुलं सुधारली, औषध नसलेल्या नुसत्या गोळीच्या गटातली १२ टक्के. २०१४मध्ये अमेरिकी संशोधक कॉनी कसारी यांनी तर भाषेच्या उपचारांच्या चाचणीसाठी ५ ते ८ वर्षांची, जेमतेम बोलणारी ६१ मुलं मुद्दाम निवडली. मूल आपणहून किती वेळा काही सांगतं, ते मोजलं. बटण दाबलं की मुलाच्या वतीने बोलणारं यंत्र पहिल्यापासून हाताशी असलेली मुलं पुढे गेली.