टेम्पल ऑफ द डॉग: 'सुपरग्रूप'ची दंतकथा

साउंडगार्डन आणि पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँड्सच्या बड्या स्टार्सनी एकत्र येऊन टेम्पल ऑफ द डॉग हा 'सुपरग्रूप' (आधीच गाजलेल्या कलाकारांचा बँड) आणि त्याच नावाचा अल्बम काढला, हे वर्षानुवर्षं छापून येतं. तारखाच जुळत नाहीत. मार्च 1990 मध्ये मदर लव्ह बोन या सिॲटलच्या बँडचा गायक अँड्र्यू वुड गेला. त्याचा रूममेट राहिलेल्या, साउंडगार्डनचा गायक क्रिस कॉर्नेलने त्याच्यासाठी दोन गाणी लिहिली, 'से हॅलो टू हेवन' आणि 'रीच डाउन'. बाकी अल्बम म्हणजे श्रद्धांजलीच, हेही खरं नाही.

रेकॉर्डिंग 1990 च्या अखेरीस, सिॲटलच्या लंडन ब्रिज स्टुडिओत. पर्ल जॅम हे नावही तेव्हा नव्हतं. बँड मूकी ब्लेलॉक म्हणून वाजवत होता. सॅन दिएगोहून ऑडिशनला आलेला, पुढे पर्ल जॅमचा गायक झालेला एडी व्हेडर तर कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तालमीत कॉर्नेलला अल्बममधल्या 'हंगर स्ट्राइक' गाण्यातला खालच्या पट्टीचा भाग उंच भागाशी जोडून गाताना अडचण येत होती. व्हेडर सरळ माइकपाशी गेला आणि गायला.

एप्रिल 1991 मध्ये आलेला अल्बम फारसा खपला नाही. पर्ल जॅमचा पहिला अल्बम 'टेन' गाजल्यावर, 1992 मध्ये रेकॉर्ड कंपनीने तो पुन्हा पुढे केला. 'सुपरग्रूप' हा शिक्का तेव्हाचा.