फॉलिक ॲसिडची गोळी आणि परळचं हाफकिन

पाळी चुकली म्हणून दवाखान्यात गेलं की चिठ्ठीवर बहुधा पहिलं नाव फॉलिक ॲसिडचं असतं. लोहाची गोळी मळमळ कमी होईपर्यंत थांबते, ही थांबत नाही. तिचा माग काढला तर आपण थेट परळला पोचतो.

१९२८ साली लूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या. परळच्या हाफकिन या वैद्यकीय संशोधन संस्थेतून विल्स यांनी तपास सुरू केला. या बायकांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कमी तर होत्याच, पण नेहमीपेक्षा मोठ्याही होत्या. म्हणजे हा निव्वळ लोहाचा तुटवडा नव्हता. जंतूंचा संशय फिटल्यावर त्यांनी बायकांच्या ताटाकडे मोर्चा वळवला. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं जेमतेम, त्यांनाच हा आजार जास्त. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग झाले आणि उतारा सापडला तो मार्माइटमध्ये! दारूच्या भट्टीतल्या उरलेल्या यीस्टपासून करतात तो काळा, खारट लगदा. रक्त वाढवायला तेव्हा देत त्या महागड्या यकृताच्या अर्कापुढे तो अगदीच स्वस्त. १९३१ मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यातला नेमका घटक मात्र हाती लागला नव्हता. तो, म्हणजेच फॉलिक ॲसिड, १९४१ साली अमेरिकेत, चार टन पालक उपसून वेगळा काढला गेला.

इथवरची सगळी गोष्ट आईच्या रक्ताची. पोटात गर्भ वाढू लागला की आईचं रक्त वाढतं, नव्या पेशी भराभर तयार व्हाव्या लागतात आणि त्यासाठी फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचंच अन्नातलं रूप, खर्ची पडतं. बाळाचा संबंध पुढे १९६०च्या दशकात चर्चेत आला आणि १९९१च्या ब्रिटिश चाचणीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. आधीच्या बाळाच्या मेंदूत वा मणक्यात दोष होता अशा बायकांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा तो दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं.

खरी अडचण वेळेची आहे. ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम पंधरवडा झालेला असतो. कित्येकींनी चाचणीही केलेली नसते. आपल्याकडे तर तीन महिने उलटेपर्यंत बाहेर बोलायचंच नाही असा रिवाज. तो पाळायला हरकत नाही, पण गोळी सुरू व्हायला हवी दिवस जाण्याआधी, किमान महिनाभर. सर्वसाधारण बाईला त्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतात. आधीच्या बाळात असा दोष असेल तर मात्रा कितीतरी जास्त लागते, आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची.

विल्स ज्या प्रश्नासाठी आल्या होत्या, तो मात्र सुटलेला नाही. चौथ्या महिन्यापासून सरकारी केंद्रात मिळणाऱ्या लाल गोळीत लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असतात. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं.