‘जमीन एनए झाली’ आणि ‘झोन बदलला’: मनोरीचा रस्ता वाचवायचा तर आधी हा फरक कळायला हवा

मार्व्याच्या बोटीतून मनोरीला उतरलं की गोराईकडून उत्तनला जाणारा जो रस्ता लागतो, तो मुंबईत आहे यावर पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. ताडामाडांची सावली, भाताची खाचरं, खाडीचा वारा. या रस्त्याच्या कडेला कुठे पत्रे ठोकलेले दिसले की बोटीत लगेच कुजबुज सुरू होते, “ती जागा एनए झाली म्हणे.” कुणी म्हणतं, “एनए नाही, झोन बदलला.” दुसरा म्हणतो, “एकच की ते!”

एकच नाही. माझ्या ओळखीच्या काही मंडळींनी एनएविरुद्ध घरोघरी जाऊन सह्या गोळा केल्या, त्या काळात झोनबदलाच्या हरकतींची मुदत निघून गेली. एवढी मेहनत वाया गेलेली पाहिली, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

एनए म्हणजे बिनशेती. हा महसुलाचा विषय, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधला. शेतजमिनीचा वापर शेतीऐवजी दुसऱ्या कामासाठी करायचा, त्याचा आकार किंवा कर भरायचा आणि सनद, म्हणजे त्या परवानगीचा कागद, घ्यायची. हा व्यवहार जमीनमालक आणि जिल्हाधिकारी कार्यालय यांच्यातला आहे. त्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हरकती मागवायची जाहीर सूचना निघत नाही. शिवाय विकास आराखडा, म्हणजे शहरात कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, अंतिम झालेल्या भागात, संहितेत नंतर घातलेल्या कलम ४२-ब मुळे, आराखड्यात दाखवलेल्या वापरासाठी स्वतंत्र एनए परवानगीची गरजच राहिलेली नाही. म्हणजे आराखड्याने ‘रहिवासी’ म्हटलं की महसुलाची बाजू मागून चालत येते.

झोन, म्हणजे त्या जमिनीवर कुठला वापर चालेल याचा पट्टा, ठरतो तो आराखड्यात. तो कायदा वेगळा, महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. सालही तेच, १९६६, त्यामुळे गोंधळात भरच पडते. मुंबईचा सध्याचा आराखडा २०३४ पर्यंतचा, २०१८ मध्ये मंजूर झालेला. एखाद्या पट्ट्याचा झोन त्यानंतर बदलायचा तर कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना येते, हरकतींना एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि शेवटचा शब्द राज्य सरकारचा. आरेतल्या मेट्रो कारशेडच्या जागेचा ना-विकास शिक्का २०१७ मध्ये निघाला तो झोनबदलाच्या वाटेने, एनएच्या नव्हे.

(यात तिसरा शब्दही घोळ घालतो. तलाठ्याकडची ‘फेरफार’ नोंद म्हणजे सातबाऱ्यावरचा हक्क बदलणं. तिचा आराखड्यातल्या ‘फेरबदला’शी काही संबंध नाही.)

म्हणून कुणी एनएची सनद दाखवली तर तेवढ्यावरून झोन बदलला असं समजू नका. हरित पट्ट्यातही काही मर्यादित वापर चालतात. उलट सातबारा अजून शेतीचा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. झोन दाखला आणि विकास आराखड्याचा भागनकाशा मागा. त्याआधी त्या सर्व्हे नंबरचं नियोजन प्राधिकरण कोण हे विचारून घ्या, कारण हाच रस्ता मनोरी-गोराईत मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे आणि उत्तनला पोचेपर्यंत मीरा-भाईंदरच्या हद्दीत शिरतो. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहू शकतो.

आता रस्त्याचं. त्याच्या कडेची जमीन शेती किंवा ना-विकास असते तोवर त्या रस्त्याचं अरुंद असणं कुणाला खुपत नाही. झोन बदलला की गणित फिरतं. किती चटईक्षेत्र, म्हणजे किती बांधकाम, मिळणार हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीशी बांधलेलं असतं, म्हणून रुंदीकरणाची मागणी होते आणि पहिला घाव कडेच्या झाडांवर पडतो. रस्ता जातो तो असा, त्याच्या स्वतःच्या नावाने एकही सूचना न निघता.

म्हणून हरकतीत नुसतं “आमचा विरोध आहे” लिहिणं मला अपुरं वाटतं. नगररचना कायद्याच्या कलम २२ मध्ये आराखड्याने कशाची तरतूद करावी याची यादी आहे आणि तीत निसर्गसौंदर्याच्या जागांचं जतन स्पष्ट शब्दांत आहे. ते कलम नाव घेऊन मांडा. कलम ३७ खालचा फेरबदल आराखड्याचं मूळ स्वरूप बदलणारा नसावा, ही कायद्याचीच अट आहे. तीही मांडा. आणि सरकार प्रस्ताव काही बदलांसह मंजूर करू शकतं, हे ध्यानात ठेवून दुसरी मागणीही त्याच अर्जात करा. झोन बदलायचाच असेल तर रस्त्यालगत इतक्या मीटरचा हिरवा पट्टा मोकळा ठेवा, रस्त्याची आजची रुंदी कायम ठेवा, कडेची अमुक झाडं राखा. मीटर स्वतः मोजून लिहा, झाडांची जात आणि संख्या लिहा, फोटो जोडा. पन्नास वर्षांहून जुनं झाड असेल तर ते वेगळं नोंदवा, कारण राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे.

अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. सुनावणीला बोलावणं आलं नाही, तर हातात पुरावा तो शिक्काच असतो.