‘गेट कार्टर’ला आधी शिव्या, मग ओव्या

ब्रिटिश गुन्हेगारीपटांची कुठलीही यादी आज काढा, ‘गेट कार्टर’ तिच्यात वरच असतो. गोष्ट साधी: लंडनचा गुंड जॅक कार्टर (मायकेल केन) भावाच्या मृत्यूचा छडा लावायला ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जातो आणि सूड उगवतो. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९मध्ये विसाव्या शतकातले शंभर ब्रिटिश चित्रपट निवडले, तेव्हा तो सोळावा आला. २००४मध्ये ‘टोटल फिल्म’ मासिकाने तर त्याला थेट पहिला नंबर दिला. पण १९७१मध्ये तो लागला, तेव्हा बऱ्याच समीक्षकांनी नाकाला रुमाल लावला होता. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये जॉर्ज मेलीने लिहिलं, की हा चित्रपट म्हणजे न्याहारीच्या आधी घशात ओतलेली कोरी जिन: चढते खरी, पण भलं काही करत नाही. अमेरिकेत समीक्षक पॉलीन केलला त्यात अंगात मुरवलेला थंडपणा आणि दुष्टाव्याची एक नवी कारागिरी दिसली. दोघांनाही चित्रपट जमलाय हे कळत होतं, आणि नेमकं तेच त्यांना खुपत होतं.

असं का झालं हे कळायला त्याआधीचा पडदा पाहावा लागतो. ‘ब्रायटन रॉक’सारखे अपवाद सोडले, तर ब्रिटिश चित्रपटातला गुंड बहुधा मठ्ठ तरी असायचा, नाहीतर विनोदी. मायकेल केनची ही जुनी तक्रार होती. तो दक्षिण लंडनच्या कामगारवस्तीत वाढलेला; असली माणसं त्याने जवळून पाहिली होती आणि ती मठ्ठही नव्हती, विनोदीही नव्हती. त्यात गंमत अशी, की १९६९च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये त्याने स्वतःच एक हसरा, लाघवी चोर रंगवला होता. त्याच वर्षी लंडनचे कुख्यात टोळीप्रमुख क्रे बंधू यांना जन्मठेप झाली आणि लंडनच्या टोळ्यांचा खरा कारभार वर्तमानपत्रांतून लोकांपुढे आला. दोन वर्षांनी तोच केन काळा रेनकोट घालून, चेहऱ्यावरची रेष न हलवता माणसं मारू लागला. प्रेक्षक दचकणारच.

दिग्दर्शक माइक हॉजेसचा हा पहिला मोठ्या पडद्यावरचा चित्रपट. गडी मूळचा हिशेबनीस, चार्टर्ड अकाउंटंट. पुढे ‘वर्ल्ड इन ॲक्शन’ या टीव्हीवरच्या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमात त्याने काम केलं आणि मग टीव्हीसाठीच दोन थरारपट केले. सक्तीच्या लष्करी सेवेत तो नौदलाच्या सुरुंग काढणाऱ्या बोटीवर होता. उत्तर समुद्राच्या काठची मासेमारीची बंदरं आणि तिथलं दारिद्र्य त्याने तेव्हा पाहिलं. टेड लुइसची कादंबरी निर्माता मायकेल क्लिंगरने त्याच्या हाती दिली, तेव्हा त्याने कथा उचलून न्यूकॅसलला नेली. त्या भागात १९६७मध्ये जुगारयंत्रांच्या धंद्यातून एक खून झाला होता. त्या प्रकरणाशी धागा असलेला एक बंगलाच हॉजेसने खलनायकाचं घर म्हणून वापरला! बातमीदाराची खोड जात नाही, ती अशी.

म्हणूनच चित्रपटात गोष्टीइतकंच गाव दिसतं. दारूच्या गुत्त्यातले चेहरे, पाठीला पाठ लावून उभी विटांची घरं, आणि ब्लॅकहॉलचा तो काळाकुट्ट किनारा. तिथे कोळशाच्या खाणीतला कचरा वाहून आणणाऱ्या बादल्या तारेवरून सरकत येतात आणि थेट समुद्रात रित्या होतात. छायाचित्रणकार वोल्फगांग सुशित्स्की माहितीपटांतून आलेला होता, हे फ्रेमाफ्रेमांत जाणवतं. सुरुवातीला लंडनहून निघालेल्या आगगाडीवर रॉय बडची धून वाजते, तीत हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याच्या जोडीला चक्क तबला आहे. मराठी कान तिथे टवकारतोच. पण तबल्याला तिथे मैफलीची ऊब नाही. रुळांचा ठेका धरून तो नुसता पुढे ढकलत राहतो.

चित्रपट नंतर जवळजवळ विस्मरणात गेला. १९७२मध्ये ‘हिट मॅन’ नावाने त्याचं लॉस एंजेलिसमधलं, कृष्णवर्णीय नटांचं रूप आलं, तेवढंच. खरी पालवी फुटली १९९०च्या दशकात. व्हिडिओ कॅसेट, अमेरिकी दिग्दर्शक टॅरँटिनोनंतर आलेली थंड हिंसेची चटक, आणि ब्रिटनमध्ये ‘लोडेड’सारख्या मासिकांनी वाढवलेली ‘पोरांची’ संस्कृती या सगळ्यांना कार्टर आयताच सापडला. त्याचा सूट, त्याची बंदूक, त्याचे तुटक संवाद भिंतींवर चढले. १९९८मध्ये गुंडपट काढणाऱ्या ब्रिटिश दिग्दर्शक गाय रिचीचं पदार्पण झालं, तोवर ही हवा चांगलीच तापली होती. १९९९मध्ये चित्रपट पुन्हा थिएटरांत लागला आणि समीक्षकांनी जुनी विशेषणं तशीच ठेवून त्यांचा सूर तेवढा बदलला. निर्दय, थंड, नैतिकतेशून्य: आता ही सगळी स्तुती होती.

माझ्या मते इथे एक घोटाळा झाला. १९७१चे नाराज समीक्षक चित्रपटाच्या जास्त जवळ होते. पुतणीचा अश्लील फिल्मसाठी कसा वापर झाला ते कार्टर प्रोजेक्टरवर पाहतो, त्या प्रसंगात केनच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि त्यानंतर तो जे करतो त्यात रुबाब औषधालाही नाही. आणि शेवट (पन्नास वर्षं उलटली, सांगायला हरकत नाही) त्याच काळ्या किनाऱ्यावर होतो. दुरून सुटलेली एक गोळी, आणि संपला. गोळी झाडणारा भाडोत्री मारेकरी सुरुवातीच्या त्या आगगाडीत त्याच्याच डब्यात बसलेला असतो. भिंतीवर चित्र लावणाऱ्यांपैकी किती जणांनी तो माणूस पुन्हा जाऊन शोधला असेल?

२०००मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनला घेऊन हॉलिवूडने नवा ‘गेट कार्टर’ काढला, केनलाही छोटी भूमिका दिली, आणि तो आपटला. न्यूकॅसलशेजारच्या गेट्सहेडमधलं ट्रिनिटी स्क्वेअरचं काँक्रीटचं वाहनतळ, जिथून कार्टर एका व्यापाऱ्याला खाली फेकतो, ते २०१०मध्ये पाडलं. काँक्रीटचे तुकडे डब्यांत भरून लोकांना आठवण म्हणून विकले. २०२२मध्ये जुन्या प्रतीची डागडुजी होऊन चित्रपट परत पडद्यावर आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नव्वदीत, हॉजेस गेला.