ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे नाही

समुद्री माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. टाकीत औषध पडते, आठवडाभरात ठिपके मावळतात आणि मत्स्यपालक निश्चिंत होतो. हा गैरसमज फार महागात पडतो, कारण ते ठिपके औषधाशिवायही गेलेच असते.

हे ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. तो कातडीच्या आणि कल्ल्यांच्या वरच्या थराखाली शिरून तिथल्या पेशी खातो. कल्ले खराब झाले की माशाचा श्वास कोंडतो. मासे मरतात ते बहुधा यामुळे. तीन ते सात दिवसांत पोट भरले की परजीवी स्वतःहून मासा सोडतो, तळाशी जाऊन चिकटतो आणि स्वतःभोवती टणक कोष तयार करतो. आपल्याला वाटते मासा बरा झाला. खाली मात्र कोषातली एक पेशी विभागत विभागत शंभर-दोनशे पिल्ले घडवत असते.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते त्याचे वेळापत्रक. मासा सोडणे आणि कोषातून पिल्लांनी बाहेर पडणे, दोन्ही मुख्यतः पहाटेपूर्वीच्या अंधारात घडते. प्रयोगशाळेत कोष सतत अंधारात ठेवले तरी पिल्ले साधारण त्याच वेळी निघतात, म्हणजे घड्याळ पेशीच्या आतच आहे. याचा फायदा उघड आहे. पिल्लाला खाता येत नाही, काही तासांतच त्याची माशात शिरण्याची ताकद ओसरते, आणि त्या वेळी अनेक मासे तळाजवळ स्वस्थ असतात. सगळे कोष मात्र एकदम फुटत नाहीत. काही तीन दिवसांत, काही महिन्याभरानेही. म्हणून पहिल्या लाटेनंतर दुसरी येते, ती कितीतरी पटींनी मोठी.

तांब्याची औषधे पोहणारी पिल्ले मारतात, कोषाला धक्का लावत नाहीत. त्यामुळे ‘एका मात्रेत पांढरे ठिपके गायब’ या जाहिरातींवर कुणीही विश्वास ठेवू नये. टाकीतल्या माशांवरचा खरा उपाय या जीवनचक्रातूनच निघतो: दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवायचे, असे सलग चार वेळा. कोष मागे राहतात, पिल्लांना मासा मिळत नाही. समुद्रातल्या पिंजऱ्यांना हे जमत नाही; तिथे उथळ, संथ खाडीतून पिंजरा खोल, वाहत्या पाण्यावर ओढून नेणेच बरे.