पाळत सिद्ध कशी करायची? डिजिटल हक्कांच्या लढ्याची पार्श्वभूमी

२६ फेब्रुवारी २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एक दावा पाच विरुद्ध चार मतांनी निकालात काढला. वकील, पत्रकार आणि मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्था न्यायालयात आल्या होत्या. परदेशातल्या अशिलांशी आणि सूत्रांशी आपण फोनवर, ईमेलवर जे बोलतो ते सरकारच्या कानावर जात असणार. तेव्हा ज्या २००८ च्या कायद्याने ही मुभा दिली तो घटनेत बसतो का ते तपासा, एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालय त्या प्रश्नापर्यंत पोचलेच नाही. तुमच्यावर पाळत आहे हे तुम्हाला दाखवता आलेले नाही, तुमची भीती तर्कावर उभी आहे, असे बहुमताने म्हटले. पण दाखवणार तरी काय? परवानगी देणारे न्यायालय बंद दाराआड चालते आणि ज्याच्यावर पाळत ठेवली त्याला सहसा कधीच कळवले जात नाही.

इंटरनेटवरच्या सेन्सॉरशिपविरुद्धचा लढा आणि पाळतीविरुद्धचा लढा ही नावे आपण एका दमात घेतो. दोन्हीकडे माणसेही बरीचशी तीच असतात. पण सेन्सॉरशिप दिसते. पान उघडत नाही, मजकूर गायब होतो, अख्ख्या देशाचे नेट बंद पडते. ज्याचे तोंड दाबले त्याला ते कळते आणि तो ओरडू शकतो. पाळतीचे तसे नाही. ती नीट चालली असेल तर कुणालाच काही जाणवत नाही. गेल्या तीन-साडेतीन दशकांतल्या या चळवळीला जे वळण लागले ते मुख्यत्वे या एका फरकामुळे, असे मला वाटते.

सुरुवातीचा एक प्रसंग दोन्ही गोष्टी एकत्र असलेला आहे. १ मार्च १९९० रोजी अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात स्टीव्ह जॅक्सन गेम्स या छोट्या कंपनीवर छापा घातला. कंपनी खेळांची पुस्तके छापायची. शोध होता एका टेलिफोन कंपनीतून कॉपी झालेल्या कागदपत्राचा, आणि ते तिथे नव्हतेच. पण अधिकारी संगणक उचलून घेऊन गेले. त्यात छपाईला निघालेल्या पुस्तकाचा मजकूर होता, आणि कंपनीच्या बुलेटिन बोर्डावरची, म्हणजे फोनने जोडून निरोप ठेवता येणाऱ्या संगणकावरची, १६२ खासगी पत्रेही होती. ज्यांना ती लिहिली होती त्यांनी ती अजून उघडलीही नव्हती. त्याच वर्षी जुलैत मिच केपॉर, जॉन पेरी बार्लो आणि जॉन गिलमोर यांनी डिजिटल हक्कांसाठी लढणारे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन स्थापन केले, आणि छाप्याविरुद्ध कंपनीने लावलेला खटला संस्थेच्या पहिल्या लढ्यांपैकी एक ठरला. १९९३ मध्ये कंपनी जिंकली. साठवलेली पत्रे अशी ताब्यात घेणे बेकायदा ठरले. मात्र ती ‘वाटेत अडवली’ असे म्हणता येणार नाही, असेही न्यायालय म्हणाले, कारण पत्रे वाटेत नव्हती, डिस्कवर पडून होती. पत्र लिहिणाऱ्याला आणि ते मिळणाऱ्याला हा फरक कसा पटावा? टपालाच्या बंद पाकिटाला जे संरक्षण सहज मिळते ते ईमेलला मिळवताना अशा शब्दांशी झगडावे लागले.

सेन्सॉरशिपविरुद्धची पहिली मोठी एकजूट १९९६ ची. ८ फेब्रुवारीला अमेरिकेत कम्युनिकेशन्स डीसेन्सी अ‍ॅक्टवर सही झाली. मुलांच्या नजरेस पडू शकेल असा ‘असभ्य’ मजकूर नेटवर टाकणे त्याने गुन्हा ठरवले. असभ्य म्हणजे नेमके काय, हे धूसरच होते. निषेध म्हणून हजारो वेबसाइटांनी पाने काळी केली, निळी फीत लावली. २६ जून १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाने हे कलम रद्द केले. हाच मार्ग १८ जानेवारी २०१२ रोजी पुन्हा कामी आला. कॉपीराइटच्या नावाखाली वेबसाइटा अडवू पाहणाऱ्या ‘सोपा’ (SOPA) नावाच्या अमेरिकी विधेयकाविरुद्ध इंग्रजी विकिपीडिया एक दिवस बंद राहिला आणि विधेयक बारगळले. पान काळे केले की वाचणाऱ्याला काय गमावणार आहोत ते क्षणात समजते.

पाळतीविरुद्ध काळे पान फारसे चालत नाही. तिथे आधी साक्षीदार लागतो.

१९९३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी सरकारने क्लिपर चिप पुढे आणली. फोनमधले संभाषण ही चिप कूटबद्ध करणार, पण तिची किल्ली सरकारच्या दोन खात्यांकडे ठेवलेली राहणार. विरोधात सह्यांची मोहीम झाली, लेख आले. खरा दणका बसला १९९४ मध्ये. मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवून दिले की, सरकारला किल्ली शोधून देणारा जो भाग संभाषणासोबत जातो त्याची खातरजमा अवघ्या १६ बिटांवर टेकलेली आहे. ६५,५३६ शक्यता, म्हणजे बनावट भाग तयार करणे संगणकाला थोड्या वेळाचे काम. चोरदरवाजा ठेवायचा आणि तो फक्त आपल्यालाच वापरता येईल असा ठेवायचा, या हिशेबातली खोट लोकांसमोर आली. योजना मागे पडली.

मग २००६ चा जानेवारी. मार्क क्लाइन नावाचा निवृत्त तंत्रज्ञ इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यालयात आला. त्याच शहरात फॉल्सम स्ट्रीटवरच्या एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या इमारतीत त्याने काम केले होते. त्याच्याकडे वायरिंगचे आराखडे होते. फायबर ऑप्टिक केबलमधून जाणारा प्रकाश एका स्प्लिटरने दुभंगायचा. एक धार नेहमीच्या वाटेने पुढे, दुसरी अमेरिकी गुप्तचर संस्था एनएसएच्या ६४१ए क्रमांकाच्या कुलूपबंद खोलीत. म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्या डेटाची प्रत, संशयित कोण आणि सामान्य ग्राहक कोण हे न पाहता. इथे मला त्या माणसाच्या कामाचे स्वरूप महत्त्वाचे वाटते. त्याने एकही गुप्त संदेश वाचला नव्हता. कुठली तार कुठे जाते, हे त्याला ठाऊक होते आणि तेवढे पुरले. फाउंडेशनने कंपनीविरुद्ध लावलेला दावा पुढे सरकत असतानाच जुलै २००८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून दूरसंचार कंपन्यांना मागच्या तारखेपासून अभय दिले. २०१३ ला ज्या कायद्याविरुद्धचा दावा निकालात निघाला तो हाच.

युरोपात सरकारने पाळत उघडपणे, कायदा करून आणली. युरोपीय संघाच्या २००६ च्या निर्देशाने दूरसंचार कंपन्यांना प्रत्येक ग्राहकाच्या संपर्काची नोंद सहा महिने ते दोन वर्षे ठेवायला लावली. संभाषण नाही, फक्त कोण, कुणाला, केव्हा, कुठून. ‘फक्त’ या शब्दावर बराच काळ निभावून गेले. जर्मनीतले ग्रीन पक्षाचे राजकारणी माल्टे स्पिट्झ यांनी आपल्या फोन कंपनीकडून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. ३५ हजारांहून अधिक ओळी निघाल्या. २०११ मध्ये त्या नकाशावर मांडून एका वृत्तपत्राने प्रसिद्ध केल्या. माणूस केव्हा कुठे होता, कोणत्या रेल्वेने गेला, कोणत्या शहरात झोपला, सगळे सरकत्या ठिपक्यात दिसू लागले. त्याआधीच, मार्च २०१० मध्ये, सुमारे ३५ हजार तक्रारदारांच्या याचिकेवर जर्मनीच्या घटना न्यायालयाने तिथला कायदा रद्द केला होता. डिजिटल राइट्स आयर्लंड या संस्थेने २००६ मध्येच लावलेल्या दाव्यातून ८ एप्रिल २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने मूळ निर्देशच मोडीत काढला.

तोवर एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेनने फोडलेली गुप्त कागदपत्रे बाहेर आली होती. ‘तुमच्याकडे दाखवायला काही नाही’ असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले त्याला शंभर दिवस होत नाहीत तोच, ५ जून २०१३ ला, पहिला आदेश छापून आला. एका मोठ्या फोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलच्या नोंदी दररोज सरकारला द्याव्यात, असा तो आदेश. या जागल्याने पुरावा हातात दिला आणि इतकी वर्षे दारातच अडणारे दावे आत जाऊ लागले. मे २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ही सरसकट नोंदणी कायद्यात बसत नसल्याचा निकाल दिला.

मात्र प्रत्येक वेळी कुणी जागल्या पुढे येईल यावर हक्क कसे अवलंबून ठेवायचे? संयुक्त अरब अमिरातीतले मानवी हक्क कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना ऑगस्ट २०१६ मध्ये फोनवर संदेश आले, तुरुंगातल्या छळाची नवी माहिती हवी असेल तर ही लिंक उघडा म्हणून. त्यांनी ती उघडली नाही, कॅनडातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाला पाठवली. त्या लिंकमागे पेगॅसस हे फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारे सॉफ्टवेअर निघाले, आणि आयफोनमधल्या तीन अज्ञात त्रुटी उघड झाल्या. काही दिवसांत जगभरातल्या फोनांची दुरुस्ती झाली. मन्सूर यांना मार्च २०१७ मध्ये अटक झाली, आणि सोशल मीडियावरच्या लिखाणाबद्दल २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा. ज्याच्यावर पाळत ठेवली त्याचेच तोंड बंद केले गेले.

पुराव्याच्या अटीला सरळ उत्तर मिळाले ते स्ट्रासबर्गमधल्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात. रशियातले संपादक रोमान झाखारोव यांनी फोन-पाळतीच्या व्यवस्थेविरुद्ध तिथे दाद मागितली होती. त्या व्यवस्थेत सुरक्षा यंत्रणेला फोन कंपन्यांच्या जाळ्यात थेट प्रवेश होता. कंपनीला परवाना दाखवण्याचीही गरज नव्हती. तुमचा फोन ऐकला हे तुम्ही सिद्ध केले नाही, असे सांगून मायदेशातल्या न्यायालयांनी त्यांना परत पाठवले होते. ४ डिसेंबर २०१५ रोजी स्ट्रासबर्गने निकाल दिला: पाळत गुप्त असेल, कुणावरही ठेवता येत असेल आणि देशात परिणामकारक दाद मिळत नसेल, तर नागरिकाने वैयक्तिक पुरावा देण्याची गरज नाही. त्याच महिन्यात रशियाने स्ट्रासबर्गचे निकाल अमलात न आणण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला.

स्नोडेनच्या खुलाशांनंतर बिग ब्रदर वॉच, इंग्लिश पेन आणि ओपन राइट्स ग्रुप या संस्था ब्रिटनविरुद्ध याच न्यायालयात गेल्या होत्या. २५ मे २०२१ ला तिथल्या मोठ्या पीठाने सांगितले की, सरसकट पाळत मुळातच निषिद्ध नाही, पण ती सुरू करण्याआधी सरकारबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेची परवानगी हवी, आणि ब्रिटनच्या जुन्या कायद्यात ती नव्हती. अर्जदारांपैकी कुणालाही स्वतःचे एखादे पत्र उघडले गेल्याचे सिद्ध करावे लागले नाही.